घोड्याला ऐकू जाईल असं बोला

खरा धडा मैत्रिणीच्या कुरणातच मिळाला. तिची रूबी नावाची घोडी पुढे रमतगमत चालली होती, मी सायकलवर मागून येत होते. सभ्य माणसासारखी तीस-चाळीस फुटांवरून मी घंटी वाजवली. टिंग! रूबी जागच्या जागी उडाली ती थेट चार फूट बाजूला. मैत्रीण खोगिराचा पुढचा खुंट धरून कशीबशी वर टिकली. घोडी शांत झाल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "घंटी नको. बोल."

"काय बोलू?"

"काहीही. तू माणूस आहेस एवढं तिला कळलं की झालं."

माझ्या आयुष्यात कुणी मला "काहीही बोल" म्हटलं की नेमकं काहीच सुचत नाही. दुसऱ्या खेपेला मागून येताना तोंडातून काय निघालं? सतराचा पाढा. "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न..." रूबीने एक कान मागे वळवला, तो तसाच ठेवला, आणि चालत राहिली. मी शेजारून पुढे गेले तरी ढिम्म. सतरा पाचे पंच्याऐंशीपर्यंत गाडी सुरळीत होती. सतरा सकला मी चौथीतही अडायचे, तिथेही अडले.

या सगळ्या उपद्व्यापाचं मूळ ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर. मी नॉर्थ कॅरोलिनात राहते, नवऱ्याच्या नादाने पन्नाशीच्या तोंडावर सायकल चालवायला लागले. ही मैत्रीण माझ्याच टीममधली, तिच्या घरी तीन-चार घोडे. दर सोमवारी ती तिच्या रविवारच्या रपेटीचं सांगणार, मी माझ्या. एकदा ती म्हणाली, "एकाच रस्त्यावर एकत्र का जात नाही आपण?" म्हणायला सोपं होतं. घोडा तासाला चार मैल चालतो, मी रडतखडत का होईना दहा मैल जाते. एकत्र जायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे ठरवण्यातच दीड महिना गेला.

जागा मात्र चटकन ठरली. शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात न्यू रिव्हर ट्रेल नावाचं लांबुळकं स्टेट पार्क आहे. लांबुळकं म्हणजे शब्दशः: ५७ मैल लांब आणि बहुतेक ठिकाणी एका आगगाडीपुरतं रुंद. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची ही जुनी फाट्याची लाइन. या डोंगरांतलं लोखंड, शिसं, जस्त बाहेर काढायला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टाकलेली. खाणी आटल्या, गाड्या थांबल्या, आणि १९८६ मध्ये नॉरफोक सदर्न कंपनीने ती पट्टी राज्याला देऊन टाकली. रूळ आणि स्लीपर काढून खडीचा बारीक चुरा दाबला, पुलांवर लाकडी फळ्या आणि कठडे बसवले, की झाला रस्ता. पायी, सायकलवर किंवा घोड्यावर, कसंही या. इंजिन तेवढं नको.

अमेरिकेत असे रस्ते आता शेकड्यांनी आहेत, पण सगळीकडे घोडे चालत नाहीत. मिझुरीतला केटी ट्रेल २४० मैलांच्या आसपास आहे, तिथे घोड्यांना त्यातला मर्यादित तुकडाच मोकळा. न्यू रिव्हर ट्रेलवर ती भानगड नाही.

रेल्वे बंद पडली तर जमीन ज्याची त्याला परत जायला हवी, मग एवढ्या लांब पट्ट्या अखंड कशा राहिल्या, हा प्रश्न मला पडलेला. नवऱ्याने याचा अभ्यास करून ठेवलेला, त्यामुळे गाडीत दोन तास ऐकावं लागलं. थोडक्यात, १९१६ मध्ये या देशात अडीच लाख मैलांहून जास्त रेल्वेमार्ग होते, नंतर ते झपाट्याने बंद पडत गेले. १९८३ मध्ये इथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, कायद्यात अशी तरतूद केली की रेल्वे कंपनीने मार्ग सोडला तरी तो 'भविष्यात कधीतरी लागेल' म्हणून राखून ठेवता येईल, आणि तोवर त्यावर लोकांनी चालावं. म्हणजे कागदोपत्री अशा मार्गावर अजूनही गाडी येऊ शकते. सरकारी डोक्यातून निघालेली एवढी चलाख पळवाट मी दुसरी पाहिलेली नाही.

तयारीचे तीन शनिवार मला प्रत्यक्ष सहलीइतकेच लक्षात आहेत. घोड्यांच्या बाजूने आमचे गुरू होते मैत्रिणीच्या शेजारचे एक गृहस्थ, सत्तरी ओलांडलेले. आयुष्यभर नालबंदी केलेली, त्यामुळे कंबर थोडी वाकलेली आणि हाताची बोटं लाकडासारखी. इथल्या रीतीने सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे, माझ्या जिभेला ते जमेना. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणायचे.

पहिल्या शनिवारी कुणी सायकल चालवलीच नाही. सहा सायकली कुरणात आडव्या टाकल्या आणि घोडे मोकळे सोडले. अर्धा तास ते लांबूनच फुरफुरत राहिले. मग रूबी मान लांब करून आली, हँडलचा वास घेतला, टायर हुंगलं आणि माझी सीट चाटायला लागली. आजोबा म्हणाले, "मीठ. घामाचं." मी सीटवर रुमाल टाकून ठेवला.

त्याच शनिवारी रूबीच्या शेपटीला लाल फीत बांधलेली दिसली. मला वाटलं हौस. ती हौस नव्हती, इशारा होता: ही घोडी लाथ मारते, मागे अंतर ठेवा. घोडेवाल्यांच्या जगात ही खूण सगळ्यांना ठाऊक असते. हिरवी फीत म्हणजे जनावर नवखं आहे. सायकलवाल्यांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं, आणि आम्ही इतकी वर्षं याच रस्त्यांवर लाल फितींच्या शेजारून बिनधास्त जात होतो.

दुसऱ्या शनिवारची युक्ती मला फार आवडली. सायकल मागून आणायच्या ऐवजी पुढे ठेवायची. मी हळूहळू पुढे, घोडा माझ्या मागे. आजोबांचं म्हणणं असं, की जी वस्तू आपल्यापासून लांब पळते तिला घोडा घाबरत नाही, उलट तिचा माग काढतो. तसंच झालं. सुरुवातीला रूबी शंभर फूट मागे होती. वीस मिनिटांत तिचा श्वास माझ्या मानेवर. माझ्या मागे लाल फितीची घोडी आहे, पण लाथ मागच्या पायाने मारतात आणि मी पुढे आहे, एवढा हिशेब करून मी पेडल मारत राहिले.

तिसऱ्या शनिवारी घंटीचा तो प्रसंग. त्यानंतर आजोबांनी सगळ्या सायकलवाल्यांना ओळीत उभं करून समजावलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, ३५० अंश म्हणतात. दिसत नाही ते बरोबर शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं. सायकल नेमकी शेपटीमागून येते. त्यात ती वाघासारखी न बोलता येते, माणूस तिच्यावर वाकलेला, डोक्याला टोप, डोळ्यांना काळी काच. घोड्याच्या पूर्वजांना ज्याने खाल्लं तो असाच यायचा. पेडल थांबवलं की मागच्या चाकातून येणारी ती टिकटिक, डिस्क ब्रेकची ती कर्कश किंकाळी, हे सगळं त्यात भर. "पण कुठलाही वाघ बोलत नाही," आजोबा म्हणाले. "म्हणून बोला."

मग नियम ठरले. लांबूनच वेग कमी करायचा आणि आवाज द्यायचा. स्वाराने हो म्हणेपर्यंत थांबायचं. डावीकडून, भरपूर जागा सोडून, चालण्याच्या वेगाने पुढे जायचं आणि पूर्ण पुढे जाईपर्यंत तोंड चालू ठेवायचं. घोडा बावरलेला दिसला तर सायकलवरून उतरायचं. पुलावर घोडा असेल तर सायकलने पुलावर चढायचंच नाही. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाने विचारलं, "आणि घोडा समोरून आला तर?" आजोबा म्हणाले, "तर थांबून 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. माणसांनासुद्धा म्हणायला हरकत नाही."

ऑक्टोबर २०२३. शनिवार. सकाळी साडेसातला ट्रेलवरच्या फॉस्टर फॉल्सला पोहोचलो तेव्हा नदी दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. पाण्यावर धुकं असं बसलेलं की पलीकडचा डोंगर अधांतरी तरंगत होता. न्यू रिव्हर नाव नवं, पण ही जगातल्या फार जुन्या नद्यांपैकी एक मानली जाते, आणि वाहते उत्तरेकडे. आजूबाजूच्या डोंगरांना न जुमानता त्यांना आरपार कापत जाते. रेल्वेवाल्यांनी तिचंच बोट धरून रूळ टाकले. ट्रेलपैकी ३९ मैल नदीच्या काठाकाठाने जातात.

सायकलवाल्यांची तयारी पाच मिनिटांची. हवा बघितली, बाटल्या भरल्या, झालं. घोडेवाल्यांची बघत बसावं. ट्रेलरमधून तीन घोडे उतरवले: रूबी, मैत्रिणीच्या नवऱ्याचा तांबूस घोडा, आणि आजोबांचा म्हातारा, काळा, टेनेसी वॉकर जातीचा घोडा. आधी खरारा. पाठीवर गवताची एक काडी जरी राहिली आणि वर खोगीर चढलं, की दहा मैलांत जखम. मग खुरं उचलून खडे काढणं. मग घडी घातलेली जाड चादर, तिच्यावर खोगीर, मग तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळायचा. आजोबांनी तंग आवळला, घोड्याला दहा पावलं चालवलं आणि पुन्हा दोन भोकं आवळला. मी विचारलं तर म्हणाले, "हा पोट फुगवून धरतो. सगळेच धरतात. चालले की श्वास सोडावाच लागतो." जो पहिल्या आवळण्यावर विश्वास ठेवतो तो अर्ध्या मैलावर खोगिरासकट घोड्याच्या पोटाखाली लटकतो म्हणे. खोगिराखाली लपवलेला हा लबाडपणा बघून मला त्या काळ्या म्हाताऱ्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

प्रत्येक घोड्याचा एक कागदही सोबत होता. कॉगिन्स टेस्ट. घोड्यांना रक्तातून होणारा एक असाध्य आजार असतो, तो नाही याचा पुरावा. व्हर्जिनियाच्या स्टेट पार्कात घोडा आणायचा तर हा कागद लागतो. माझ्या सायकलला कुणी काही विचारलं नाही, याचं मला किंचित वाईटच वाटलं.

वेगाचं गणित असं सोडवलं होतं: आयव्हनहो गावापर्यंत साधारण आठ मैल, घोड्यांना दोन तास, आम्हाला तास. घोडे साडेआठला निघतील, आम्ही साडेनऊला, आणि आयव्हनहोला सगळे एकत्र जेवू. कागदावर झकास. कागदावरचे घोडे वाटेत पाणी पीत नाहीत.

घोडे गेल्यावर मागे राहिलेली लीद उचलून ट्रेलरमध्ये टाकायचं काम माझ्या मुलाकडे आलं. त्याने ते फावड्याने, हात शक्य तितका लांब करून आणि चेहऱ्यावर हुतात्म्याचे भाव आणून केलं.

आम्ही निघालो. रेल्वेच्या वाटेवर सायकल चालवणं सोपं असतं असं सगळे म्हणतात. अर्धवट खरं आहे. आगगाडीला चढ झेपत नाही. शंभर फुटांमागे दोन फूट म्हणजे तिच्यासाठी डोंगर. त्यामुळे रस्ता दिसायला सपाट, धाप लागत नाही. पण उतारही नाही. म्हणजे पेडल मारणं एक क्षण थांबत नाही, सीटवरून बूड उचलायला निमित्त मिळत नाही, आणि तासाभराने पायांऐवजी भलत्याच ठिकाणी दुखायला लागतं. घाटरस्त्यावर चढ छळतो, पण उतार पैसे परत करतो. इथे सगळा रोख व्यवहार.

सव्वा मैलावरच थांबलो. ट्रेलच्या वर, टेकाडावर शॉट टॉवर आहे, दगडी, चौकोनी, देवळासारखा. १८०७ च्या सुमाराचा. बंदुकीचे छर्रे करायची ही फॅक्टरी. कशी, तर शिसं वितळवून मनोऱ्याच्या टोकावर चाळणीतून ओतायचं. थेंब पडता पडता आपोआप गोल होतात, जसे पावसाचे, आणि खाली पाण्याच्या कढईत पडून घट्ट होतात. गोल आणि घट्ट व्हायला पुरेसा वेळ हवा, म्हणजे पुरेशी उंची हवी. ७५ फुटांचा मनोरा बांधला, तेवढ्याने भागेना, म्हणून खाली जमिनीत आणखी ७५ फूट विहीर खणली. विहिरीच्या तळाशी नदीकडून एक भुयार. मी त्या भिंतीला हात लावून वर बघितलं. शिशाच्या विटांनी भरलेली टोपली आणि सरपण घेऊन रोज कुणीतरी या जिन्यावरून चढत असणार, आणि त्याच्या हातातून निसटलेलं सगळं दीडशे फूट खाली जात असणार.

शिसं यायचं थोडं पुढच्या ऑस्टिनव्हिलच्या खाणीतून. ज्याच्या नावावरून टेक्ससची राजधानी ऑस्टिन झाली, तो स्टीफन ऑस्टिन १७९३ मध्ये या खाणींच्या गावात जन्मला. आता ट्रेलवरून जाताना त्याची खूण म्हणजे झाडी आणि एक पाटी.

मनोऱ्यापाशी आम्ही गणितापेक्षा वीस मिनिटं जास्त घालवली. घोड्यांनी वाटेत पाण्यासाठी अर्धा तास घालवला होता. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतील असं वाटलं, पण झालं उलटंच: ते आम्हाला बोगद्याच्या अलीकडेच सापडले.

एका वळणावर रूबीची लाल फीत दिसली. मी सगळ्यांत पुढे. ब्रेक दाबले, ते किंचित किंचाळले, पुढे तीन घोड्यांचे मागचे भाग एकदम ताठ झाले. मी लांबूनच ओरडले, "आम्ही मागे आहोत!" आणि मग तोंड बंद ठेवायचं नाही म्हणून, "सतरा एके सतरा..." मैत्रिणीने न वळता हात वर केला: या. मी चालण्याच्या वेगाने, डावीकडून निघाले. वेग इतका कमी की हँडल डुगडुगत होतं. रूबीचा कान वळला. पोटाशी पोट आलं तेव्हा तिचा एक मोठा, ओलसर डोळा माझ्यावर फिरला आणि त्यात मला मी दिसले, टोपासकट, वाकडीतिकडी. सतरा चोक अडुसष्ट. ती पुन्हा पुढे बघायला लागली. माझ्या मागून नवरा, "गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग" करत. त्याच्या मागून दोघं मित्र क्रिकेटबद्दल भांडत, ते नियमासाठी नव्हतं, ते तसेच भांडत आले होते. घोड्यांना चाललं.

बोगदा छोटाच. ट्रेलवर दोन आहेत, एक १३५ फुटांचा आणि एक १९३ फुटांचा. उभ्या उभ्या दुसऱ्या तोंडाचा उजेड दिसतो. तरी आत शिरलं की अंधार डोळ्यांवर फडक्यासारखा पडतो, आणि थेंब टपकतात ते मानेवरच. आम्ही सायकली हातात धरून पार केला आणि पलीकडे बाजूला उभे राहिलो. मग घोडे आले. सुरुवातीला फक्त नालांचा आवाज, दगडी कमानीत दुप्पट-तिप्पट होऊन. मग काळ्या चौकटीत त्याहून काळं काहीतरी हलायला लागलं. आजोबांचा म्हातारा, मान डोलवत. ही त्या जातीच्या घोड्यांची चाल: प्रत्येक पावलाला मान खाली-वर, आणि वरचा माणूस मात्र ताटातल्या पाण्यासारखा स्थिर.

खरी परीक्षा आयव्हनहोच्या पुलाने घेतली. हा पूल ६७० फुटांचा. ट्रेलवरचा सगळ्यांत लांब, फ्राइज जंक्शनचा, १,०८९ फुटांचा आहे, तिथपर्यंत आमची मजल नव्हती. पण ६७० फूट घोड्याच्या पायाखालून बघा. लाकडाच्या फळ्या, फटींतून खाली हलणारं पाणी, आणि नाल पडला की ढोल वाजावा तसा आवाज. तांबूस घोड्याने पहिल्या फळीवर एक पाय ठेवला, आवाज ऐकला, आणि पाय परत घेतला. टाच मारली, नाही. गोंजारलं, नाही. तो चक्क मागे चालायला लागला.

आम्ही सहाजण पुलाच्या अलीकडे, सायकलींना टेकून, गप्प. म्हणजे बोलायचं की नाही तेच कळेना.

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी आपला म्हातारा पुढे काढला आणि पुलावर घातला, इतक्या संथपणे की जणू पुलाशी त्यांचं काही काम नाही. वीस फुटांवर थांबले. काळ्याने मागे वळून एकदा फुरफुर केली. तांबूस तिथेच खिंकाळला. मग, एकटं मागे राहण्याची भीती पुलाच्या भीतीहून मोठी झाली असावी, त्याने डोळे मोठे करून, शेपटी आवळून, अगदी मधल्या फळीवरून पावलं टाकायला सुरुवात केली. सगळे पलीकडे पोहोचेपर्यंत आम्ही पुलावर पाऊल ठेवलं नाही.

त्या पुलावरून मी नंतर थांबत थांबत गेले. पाणी गुडघाभर, खडक वर आलेले, सिकॅमोरची पानं वाहत चाललेली. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळाच्या पुरात याच नदीने ट्रेलचे मोठे तुकडे उखडले आणि काही भाग बंद ठेवावे लागले, हे तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर हसला असता.

जेवण एकत्र झालं, उशिरा का होईना. परतीच्या वेळी आजोबा माझ्या सायकलकडे बघत म्हणाले, "हे मला जमेल का?" शेवटची कधी चालवली होती, तर म्हणाले, लग्नाआधी. आणि मग मला: "तुम्ही माझ्यावाला घ्या. तो तुम्हाला घेऊन जाईल, तुम्ही फक्त वर बसा."

मी नाही म्हणायला हवं होतं. एका दगडावर चढून, रिकिबीत पाय घालून, दोघांनी ढकलून मला वर बसवलं. वरून जमीन इतकी लांब असते हे खालून कळत नाही. काळा चालायला लागला आणि मला वाटलं होतं तसे हिसके बसलेच नाहीत, पाळण्यात बसल्यासारखं. माझ्या शेजारी मैत्रीण रूबीवर. पुढे आजोबा माझ्या सायकलवर, जीन्स, बूट, गुडघे कानाला लागतायत, आणि डोक्यावर माझा गुलाबी टोप.

दोन मैल गेले असतील. मी नुकतीच खुंट सोडून हात मोकळे ठेवायला शिकले होते. मागून कुणी येतंय हे मला कळलंच नाही. घोड्याला माझ्या आधी कळलं. माझ्या मांड्यांखाली सगळं जनावर एकदम दगडासारखं घट्ट झालं, दोन्ही कान मागे गेले, आणि पुढच्या क्षणी टिकटिक-टिकटिक करत एक सायकलस्वार आमच्या उजवीकडून, घोडा आणि झुडपं यांच्यामधून सुसाट गेला. आमच्यातला नव्हता. कानात इयरफोन. एक अक्षर नाही.

काळा डावीकडे सरकला. सरकला म्हणजे माझ्या खालून निघून गेला. माझा एक पाय रिकिबीतून सुटला, मी खुंटाला आणि आयाळीला एकदम मिठी मारली, आणि आयाळीत तोंड खुपसून मला एवढंच सुचलं: "सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक..." हे मी घोड्याला सांगत होते की स्वतःला, माहीत नाही. त्याने चार पावलं आडवी टाकली, नदीच्या कडेला थांबला, नाकातून लांब श्वास सोडला. मैत्रिणीचा हात त्याच्या लगामापर्यंत पोहोचला होता. रूबी, लाल फितीची रूबी, शांत उभी.

इतकी वर्षं तो सायकलस्वार मीच होते. उजवीकडून नसेल, इयरफोन नसेल, पण टिकटिक तीच. सभ्यपणाने घंटी वाजवून आपलं कर्तव्य झालं असं मानणारी. वरून ती टिकटिक कशी ऐकू येते ते आता माझ्या मांड्यांना माहीत झालं होतं.

तो माणूस पुढच्या वळणावर दिसेनासा झाला. माझ्या नवऱ्याने त्याच्यामागे जायची तयारी केली होती, आजोबांनी हाताने थांबवलं. म्हणाले, "त्याला वाटलं आपण रिकामी जागा आहोत." आणि सायकल वळवून काळ्यापाशी आले. बोलत बोलत.

फॉस्टर फॉल्सला पोहोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. उतरताना माझे गुडघे माझे राहिले नव्हते. मी घोड्याच्या पोटाला टेकून दोन मिनिटं उभीच राहिले. तंग सैल केला, खोगीर काढलं, खाली केस ओले आणि चादरीच्या चौकोनाचे. काळ्याने घामेजलेलं कपाळ माझ्या पाठीला जे घासलं, त्याने मी ट्रेलरच्या दारावर आपटले.

आजोबा सायकलवरून उतरत होते. त्यांनाही चालायला त्रास होत होता, मला बरं वाटलं. "या सीटवर तुम्ही पैसे देऊन बसता?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "तुम्ही दिवसभर घोड्यांना ते काय सांगत होता? प्रार्थना आहे का?"

मी म्हटलं, पाढा आहे. सतराचा. शाळेत पाठ करतात.

"मग तो नेहमी एकाच जागी का थांबतो?"

मुलगा फावडं घेऊन मागून चालला होता. न थांबता म्हणाला, "आई, एकशे दोन."